टायगरला सोबती

“भांडण नाही, तंटा नाही, अंगावर ओरखडा नाही… मग हा मेला कशाने, बुवा?”

विश्वंभराने तळहात पुढे केला. त्यावर मेलेला गुरामी मासा होता. जिवंतपणी बोटभर तरी वाटायचा, आता तेवढाही वाटत नव्हता.

खंडूबुवा मठाच्या पडवीत घेवडा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वरखडा न्हाय म्हंतोस?”

“एकही नाही. बघा ना.”

“उताणा कर त्येला.”

विश्वंभराने बोटाने मासा उलटला.

“पोटाखाली दोन धागं असत्यात. लांब, केसावानी. त्येनं चाचपत चाचपत फिरतो त्यो पान्यात. कुठं हायेत?”

विश्वंभराने डोळे बारीक करून पाहिलं. धाग्यांच्या जागी तिळाएवढे दोन खुंट होते.

“गळले असतील,” तो म्हणाला.

“असतील,” बुवा म्हणाले आणि त्यांनी शेंगेची शीर ओढून काढली.

…

कऱ्हाडहून पाटणकडे जाताना रस्ता सोडून कोयनेच्या काठाने आत वळलं, की हा मठ लागतो. फार मोठा नाही. एक देवघर, एक पडवी, थोड्या खोल्या, गोठ्यात गाई. अशा ठिकाणी काचेच्या पेटीत मासे कसे, हे नवा माणूस विचारतोच.

कऱ्हाडला दातांचे एक डॉक्टर होते, बुवांचे भक्त. म्हातारपणी दवाखाना बंद करून ते लेकाकडे निघाले, तेव्हा ही पेटी मठाला देऊन गेले. दवाखान्यात ती रोग्यांसाठी होती. पाळी येईपर्यंत बघत बसावं आणि ठणका विसरावा म्हणून. तिच्यातले मासे जन्मभर गाल धरून बसलेली माणसं बघत आले. मठात आल्यावर ते मोक्ष मागायला आलेली माणसं बघू लागले. चेहऱ्यांत त्यांना फारसा फरक वाटला नसावा.

‘मासे’ म्हटलं खरं, पण मठात पोचेपर्यंत उरला होता एकच. केशरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे. दुकानदार त्याला टायगर म्हणतात. वाघाचं नाव आणि जीव पेरूच्या फोडीएवढा. क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ.

जाताना डॉक्टर म्हणाले होते, “हा एकटा राहिला की बिघडतो, बुवा. याच्यासारखेच आणखी पाचसात आणून सोडा. मग ते आपापसात खोड्या काढतात आणि दुसऱ्याच्या वाटेला जात नाहीत.”

विश्वंभर तिथेच उभा होता. त्याने ऐकलं, पण त्याला ते पटलं नाही. एक उनाड पुरत नव्हता म्हणून आणखी उनाड आणायचे? हा मठ आहे की तालीम?

तो स्वतः कऱ्हाडला गेला. माशांच्या दुकानात सगळ्या पेट्यांपुढून फिरला. जे मासे कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपले संथ तरंगत होते, त्यांची जोडी निवडून घेऊन आला. हे गुरामी.

“शांताच्या संगतीने चंचलही शांत होतो,” तो बुवांना म्हणाला होता.

“बघू,” बुवा म्हणाले होते.

त्या जोडीतला एक आज त्याच्या तळहातावर होता.

…

विश्वंभराविषयी वाईट बोलायला जागा नाही. ऐन तारुण्यात चांगली नोकरी सोडून तो इथे आला आणि केस पिकेपर्यंत राबला. मठाचं छप्पर त्याने शाकारून घेतलं, गाई वाढवल्या, पूजेची वेळ कधी चुकू दिली नाही. तो नसता तर मठ कधीच बसला असता, हे सगळेच कबूल करत. फक्त संध्याकाळी नदीवर जाताना ‘चल रे’ म्हणून त्याला कुणी हाक मारत नसे.

त्याला गादी हवी होती. हे तो कुणाला बोलला नव्हता, पण पोटातली भूक तोंडावर दिसतेच. बुवा थकले होते. त्यांच्यामागे गादीवर आपण बसावं, या एका इच्छेवर त्याची सगळी वर्षं गेली होती. दुसरं काही त्याने कधी मागितलंच नव्हतं.

आणि मठात एक रीत होती.

गादीवर जो बसणार, त्याने आधी एक चातुर्मास एका सोबत्याबरोबर एका खोलीत काढायचा. निजणं, उठणं, जेवणं, सगळं बरोबर. त्या काळात गुरूने त्या खोलीत डोकवायचं नाही की विचारपूस करायची नाही. चातुर्मास संपला की गुरू सोबत्याला एकच प्रश्न विचारतो, ‘सुखानं राहिलास?’ सोबत्याने आपल्या तोंडाने ‘होय’ म्हटलं तर गादी. नाही म्हटलं, किंवा मध्येच उठून गेला, तर नाही. ज्याच्याजवळ एक माणूस नांदत नाही, त्याच्याजवळ मठ काय नांदणार, असा मूळपुरुषांचा हिशोब होता.

विश्वंभराची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेचा सोबती आईच्या दुखण्याचं निमित्त करून भर श्रावणात निघून गेला होता. आई ठणठणीत होती, हे मागाहून कळलं. तिसरी खेप कुणाला दिल्याचं मठात कुणालाच आठवत नव्हतं.

म्हणून या वेळी विश्वंभराने बुवांना आधीच सांगितलं होतं, “मला कुरबुर करणारा नको. मनाने शांत असेल असा माणूस द्या.”

बुवांनी त्याला बाळकू दिला.

…

बाळकूची गावात पिठाची गिरणी होती. बायको गेली, गिरणी पुतण्याच्या हाती दिली आणि तो मठात आला. सगळं आयुष्य गिरणीच्या धडधडाटात गेलेलं, त्यामुळे तो कानात बोलला तरी नदीपलीकडे ऐकू जायचं. हसायचा तर गाई माना वर करायच्या. पण माणूस लोण्यासारखा. कुणी काही म्हटलं की आधी आपलंच चुकलं असेल असं त्याला वाटायचं.

खोलीत विश्वंभराने त्याला कधी रागाने शब्द लावला नाही. हे खरंच आहे. तो फक्त सुधारायचा.

बाळकू बोलला की, “बाळकू, जरा हळू.”

हसला की, “जरा बेताने.”

त्याने आमटीचा भुरका मारला तर विश्वंभर काही बोलायचासुद्धा नाही. हातातला घास हातातच धरून थांबायचा, बाळकूचं गिळून होईपर्यंत.

त्याने घोंगडी अंथरली की विश्वंभर ती उचलायचा आणि पुन्हा सरळ अंथरून द्यायचा. तेही हसतमुखाने.

यात शिवी नाही, आवाज चढलेला नाही. तक्रार करायची म्हटली तर करणार काय? घोंगडी सरळ केली म्हणून?

श्रावणात बाळकू हळू बोलू लागला. भाद्रपदात कमी बोलू लागला. दसरा उलटला आणि तो बोलेनासाच झाला. पानात वाढलेलं दोन घास खायचा आणि हात आवरून बसायचा.

विश्वंभराला मनापासून आनंद झाला. मठात येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू लागला, “बाळकूने मौन धरलंय. आहारही आपणहून आणलाय खाली. कुणी सांगितलं नव्हतं. संगतीचा परिणाम असतो.”

लोक बाळकूच्या पाया पडू लागले.

“गिरणीतला माणूस, पण तोंडावर काय तेज आलंय!” बायका म्हणत. गालफडं बसली की तसं तेज येतंच, आणि मठात ते लवकर दिसतं. घरी, शेतात, कचेरीत एखादा माणूस असा गप्प होऊन वाळत गेला असता, तर कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारलं असतं, ‘बाबा रे, काय होतंय तुला?’ इथे लोकांनी त्याच्यापुढे नारळ ठेवले.

आणि बुवा पडवीत बसून रीत पाळत होते.

…

आज चातुर्मास संपला होता. जेवणाआधी बुवा प्रश्न विचारणार होते. आणि सकाळीच हा मासा मेला. विश्वंभराला तो अपशकुन वाटला. शकुन-अपशकुन तो मानत नसे, तरी वाटला.

“दुसरा कसा हाय?” बुवांनी विचारलं.

“तो उत्तम आहे. पेटीतल्या हवेच्या पंपामागे, कोपऱ्यात असतो, एका जागी. घाई नाही, हावरेपणा नाही… खरं सांगू बुवा? मला तर तो ध्यानाला बसल्यासारखा वाटतो.”

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“ध्यानाला?”

“हो.”

…

“चल,” बुवा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. “बघू तुझा ध्यानस्थ.”

मेलेला मासा विश्वंभराने तुळशीच्या मुळाशी ठेवला, हात धुतले आणि तो मागोमाग गेला.

पेटी देवघराबाहेरच्या कोनाड्यात होती. बुवांनी डब्यातलं चिमूटभर खाणं पाण्यावर टाकलं. टायगर खालून आला, वर गेला, आडवा गेला, पुन्हा आला. खाणं खाता खाता मध्येच पंपामागे एक चक्कर मारून आला. उगाच, जाता जाता.

कोपऱ्यातला गुरामी मागे सरकला. मागे काचच होती.

“जवळ ये,” बुवा म्हणाले. “त्येचं कल्ले बघ.”

कल्ले भराभर हलत होते.

“ध्यानाला बसल्याला येवढी धाप लागती?”

विश्वंभर आणखी वाकला. गुरामीच्या पोटाखाली एकच धागा उरला होता, तोही अर्धा.

बुवांनी काठीला लावलेली छोटी जाळी घेतली आणि पाण्यात सोडली. टायगर जाळीत आला तशी त्यांनी ती पाण्यातच एका कडेला धरली आणि काठी विश्वंभराच्या हातात दिली.

“धर. पान्यातच ऱ्हाऊ दे. वर काढू नगंस, त्येनं काय पाप केल्यालं न्हाय.”

त्यांनी पुन्हा चिमूटभर खाणं टाकलं.

गुरामी हलला नाही.

…

“बघितलंत?” विश्वंभर म्हणाला. “त्याला नकोच आहे.”

“दम धर.”

…

मग तो पंपामागून थोडासा पुढे आला. थांबला. जाळी जिकडे होती, तिकडे तोंड करून थांबला. मग वर गेला आणि एक कण उचलून परत कोपऱ्यात. पुन्हा आला. या वेळी दोन उचलले. तिसऱ्यांदा तो परत गेलाच नाही. पाण्यावरचं सगळं खाणं संपेपर्यंत खात राहिला आणि संपल्यावरही तोंड उघडमीट करत वर फिरत राहिला.

उपाशी होता तो. कितीतरी दिवस.

विश्वंभराच्या पोटात तुटलं. अगदी खरं तुटलं, त्यात खोटं काही नव्हतं. डोळे भरून आले.

पण विश्वंभर बुद्धिमान माणूस. जे तुटलं त्याचा त्याने तिथल्या तिथे अर्थ लावला, आणि अर्थ लागला की माणसाला हायसं वाटतं.

“कळलं, बुवा,” तो म्हणाला. “फार मोठी गोष्ट दाखवलीत. हा टायगर म्हणजे मी. हा गुरामी म्हणजे बाळकू. माझ्या अहंकाराने त्याचे धागे…”

गादीवर बसल्यावर पहिलं निरूपण हेच करायचं, असंही एकीकडे मनात येऊन गेलं.

“न्हाय,” बुवा म्हणाले.

“नाही?”

“टायगर म्हंजे टायगर. भूक लागली का खातो, येकला पडला का दुसऱ्याला कुरतडतो. त्येच्यावानी आनखी असतं तर त्येंच्यात रमला असता. त्येला न्हाय कळत.” बुवांनी खाण्याच्या डब्याचं झाकण लावलं. “तू त्येच्या आड लपू नगंस.”

“लपत नाहीये मी. कबूल करतोय.”

“माशाजवळ कबूल करतुयास.”

…

विश्वंभराला हे झोंबलं. इतक्या वर्षांत बुवांना कधी उलट बोलला नव्हता, तो आज बोलला.

“बाळकू तुम्हीच दिलात मला.”

“दिला.”

“मी शांत माणूस मागितला होता. तुम्ही गिरणी दिलीत! हळू बोलणं मी त्याला शिकवलं. नीट बसणं, नीट जेवणं मी शिकवलं. एका शब्दाने दुखावलं असेल तर सांगा.”

“न्हाय दुखावलंस. येका शब्दानं न्हाय दुखावलंस.”

बुवांनी खाण्याचा डबा कोनाड्यात ठेवला.

“मला वाटलं, त्येच्या संगतीत तू जरा हसाय शिकशील. म्हातारा मानूस, काय बी वाटतं. पडवीत बसून मी कान लावायचो. आधी त्येचं हसनं ऐकू येयाचं. मग नुसतं बोलनं. मग त्ये बी येईना. मला काय कळत नव्हतं व्हय? पर रीत हाय म्हनलं, आन् बसून ऱ्हायलो.”

…

“त्ये माझं. त्येचा जाब मी देईन. तुझं तू बघ.”

“मग आता मी काय करू, बुवा?”

बुवांनी मान वळवली आणि हाक मारली.

“बाळकू! ए बाळकू!”

मठात इतक्या मोठ्याने कुणी बोललं, त्याला आता किती दिवस झाले होते कोण जाणे. गोठ्यातल्या गाईने मान वर केली.

…

बाळकू स्वयंपाकघरातून आला. जेवणाची पानं मांडत होता. हात ओले होते. ते त्याने धोतराला पुसले, मग चूक झाल्यासारखं करून पंच्याला पुसले. तो येऊन उभा राहिला, ताठ, पाय जुळवून. असा उभा राहणारा बाळकू बुवांनी यापूर्वी पाहिला नव्हता. अंगातली बंडी खांद्यांवरून लोंबत होती.

विश्वंभर जाळीची काठी धरून होता तसाच होता. सोडावी तर टायगर सुटतो, धरावी तर जागचं हलता येत नाही.

“बाळकू,” बुवा म्हणाले. “चातुर्मास सपला. रीतीपरमानं इचारतो. सुखानं ऱ्हायलास?”

बाळकूने आधी विश्वंभराकडे पाहिलं.

डोळ्याचं पातं लवतं तेवढंच पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर विश्वंभराला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. ‘बरोबर उभा आहे ना मी? बरोबर बोलेन ना?’ एवढंच त्या डोळ्यांत होतं.

मग बाळकूने हात जोडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“होय जी.”

अगदी हळू. जेवढं हळू बोलायला त्याला शिकवलं होतं तेवढंच.

…

हाच शब्द विश्वंभराने कितीदा मनात ऐकला होता. उठताना, निजताना, गाईंना वैरण टाकताना. तो आज खरोखर कानांवर पडला. आनंद व्हायला हवा होता. तो वाट बघत राहिला, पण आनंद काही आला नाही. कानांत दुसरंच काहीतरी वाजत होतं. चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी हाच माणूस वळकटी घेऊन खोलीच्या दारात उभा राहून ओरडला होता, ‘इस्वंबरदादा, आता काय तुमची सुटका न्हाय बगा!’ आणि आपल्याच विनोदावर इतका हसला होता की वळकटी हातातून पडली होती. विश्वंभर तेव्हा म्हणाला होता, ‘जरा हळू.’

“बुवा,” तो म्हणाला. “तो… होय म्हणाला.”

“म्हनला.”

“म्हणजे रीत…”

“झाली.”

स्वयंपाकघरातून गरम भाताचा वास येत होता. पडवीच्या टोकाला पानं मांडलेली दिसत होती. विश्वंभराचं पान आणि त्याला लागून बाळकूचं, रोजच्यासारखं. बाळकू तिकडे निघाला नाही. विश्वंभर पुढे व्हायची वाट बघत तो तसाच उभा होता, खाली मान घालून. सवयच लागली होती त्याला.

इथे विश्वंभराने गप्प राहायला हवं होतं. निदान त्या एका वेळी तरी. त्यालाही ते कळत होतं. पण इतक्या वर्षांची भूक अशी ऐनवेळी ऐकत नाही. तोंडून गेलंच.

“मग बुवा… गादी?”

…

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. पुढे होऊन त्यांनी त्याच्या हातातली जाळीची काठी हळूच काढून आपल्या हातात घेतली.

“गादी उद्या घे… आत्ता जरा भाईर जाऊन थांब. म्हंजे त्यो जेवंल.”